भाग 23 : जड गाडीला चाक कुठलं लावायचं? (आणि मी लावलं ते का चुकलं)

आजचा भाग रेकॉर्ड करतोय हिंगोलीतून, दादाच्या शेडमधून. मागे अधूनमधून ग्राइंडरचा आवाज येईल, तो काढून टाकायचा प्रयत्न केलाय, पण सगळा गेला नसेल तर सांभाळून घ्या.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं की गाडीला मोठे टायर टाकू का. कुणाकडे बोलेरो आहे, कुणाला जुनी व्हॅन घेऊन कॅम्पर बनवायचाय, एकाला गुरखासारखं दिसणारं काहीतरी पाहिजे. मी उत्तर द्यायचं टाळत होतो. कारण या विषयात मी एकदा चुकलोय, आणि त्या चुकीत माझं काही मोडलं नाही, दुसऱ्याचा हात मोडला. तर आज ते सगळं सांगतो.

आधी गाडी सांगतो. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बोअरमधली सबमर्सिबल बाहेर काढणं, वाइंडिंग, स्टार्टर, पाइप वेल्डिंग, सगळं. पूर्वी शेतकरी मोटार ट्रॉलीत टाकून दुकानात आणायचे. दादाने डोकं लावलं, दुकानच शेतावर नेऊ म्हणाला. एक जुनी बंद बॉडीची व्हॅन घेतली. आपल्याकडे तिला सगळे ट्रॅव्हलरच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. सीटा काढल्या, आरटीओत रीतसर बदलाची नोंद केली, एमएच 38 ची पाटी तशीच राहिली. आत जनरेटर, वेल्डिंग मशीन, चेनपुली, तिपाईचे लोखंडी पाइप, केबलची भेंडोळी, पाण्याचा ड्रम आणि हत्यारांच्या दोन पेट्या. आणि मामा. मामा म्हणजे आमच्या नात्यातले नाहीत, दादाकडे वाइंडिंगचं काम करतात, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणून सगळे मामा म्हणतात.

ही गाडी जाते कुठे? हिंगोली-सेनगाव रस्त्यावरून आत, औंढ्याच्या डोंगराकडच्या मुरमाड वाटांनी, कयाधूच्या काठाच्या काळ्या रानात. पाणंद रस्ता म्हणजे काय ते ज्यांचं गाव आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा आणि चाकोऱ्या, पावसाळ्यात लोणी.

दोन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. "गाडी लय घासायली बे खालून. टायर मोठे टाकावं म्हणतो. तू इंजिनिअर हाईस, बघ जरा."

मी बीटेक कॉम्प्युटरवाला. टायर माझा विषय नव्हे. पण घरात एक इंजिनिअर असला की टीव्हीच्या रिमोटपासून बोअरवेलपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. मी पुण्यात हिंजवडीत बसून तीन रात्री व्हिडिओ बघितले. परदेशातल्या व्हॅन, जाड जाड टायर, वाळवंट, बर्फ. आणि मग कंपनीच्या 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 मागवले, सोबत दिसायला भारी अलॉय. दाढी करून लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती गाडी.

आता हे आकडे काय असतात ते दोन मिनिटांत. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 75 टक्के. 15 म्हणजे रिमचा व्यास इंचात. गणित सोपं आहे : 215 च्या 75 टक्के 161.25, वर-खाली मिळून दुप्पट 322.5, त्यात 15 इंच म्हणजे 381 मिळवा. एकूण उंची 703.5 मिलिमीटर. हेच 235/75 ला केलं तर 733.5. म्हणजे 30 मिलिमीटर उंच. दादाला मी हेच सांगितलं, "तीन सेंटिमीटर उंच होते गाडी." तिथेच पहिली गफलत. व्यास 30 ने वाढतो, पण अॅक्सल जमिनीपासून वर उचलला जातो तो फक्त त्रिज्येएवढा, 15 मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढा. पाणंदीतल्या दगडाला करंगळीने काय फरक पडतो?

त्या 15 मिलिमीटरसाठी काय दिलं ते बघा. चाक सव्वाचार टक्के मोठं झालं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. मीटरवर 60 दिसतात तेव्हा गाडी खरी साडेबासष्टने चाललेली असते. पहिल्या गिअरमध्ये ओढ तेवढी कमी. रिकाम्या गाडीला हे कळतही नाही. भरलेली गाडी बांधावरून चढवताना मात्र दादा क्लच अर्धा धरून ठेवायचा आणि जळका वास यायचा. ब्रेकचंही तसंच, ब्रेक तेच, चाक मोठं, म्हणजे थांबवायला पाय जास्त दाबायचा.

गुरखाचं उदाहरण लोक देतात. फोर्सने 2021 च्या गुरखाला 245/70 आर 16 दिले होते, 2024 च्या गाडीला 255/65 आर 18. तुम्हीच गणित करा, 749 वरून 789 मिलिमीटरच्या आसपास जातं. पण कंपनी टायर बदलते तेव्हा त्याच्यासोबत गिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, चाकाच्या वरची मोकळी जागा, सगळ्याची चाचणी करते. आपण फक्त चाक बदलतो आणि बाकीची गाडी जुनीच राहते.

पण हे सगळं चालून गेलं असतं. क्लच बदलता येतो. खरी चूक टायरवरच लिहिलेली होती, साइजच्या पुढे, बारीक अक्षरांत. मी ती वाचलीच नव्हती.

साइजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एका टायरने किती वजन उचलायचं त्याचा सांकेतिक नंबर. 100 म्हणजे 800 किलो, 105 म्हणजे 925, 106 म्हणजे 950, 110 म्हणजे 1060. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा, क्यू म्हणजे ताशी 160, एस म्हणजे 180. कधी कधी 106/103 असे दोन आकडे दिसतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असतात तेव्हासाठी. आणि साइजच्या आधी किंवा नंतर एलटी किंवा सी लिहिलेलं असेल तर तो टायर माल वाहणाऱ्या गाडीसाठी, जास्त हवा सोसणारा. काहीच नसेल किंवा पी असेल तर तो प्रवासी गाडीचा.

मी घेतलेल्या टायरवर 105 एस होतं. प्रवासी गाडीचा टायर. कंपनीच्या जुन्या टायरवर एलटी आणि 106. म्हणजे मी टायर मोठा घेतला आणि ताकद कमी केली. दिसायला जाड, कामाला हलका. आणि एलटी टायरमध्ये मागे 65 पीएसआय हवा भरायची असते, दारावरच्या स्टिकरवर तसं लिहिलंय. माझ्या टायरची हद्दच त्याच्या बरीच खाली. त्यात मी व्हिडिओत बघितलेलं ज्ञान दिलं होतं, "दादा, रानात जाताना हवा कमी कर, 28 ठेव, गाडी रुतत नाही."

मे महिना. दुपारी तीनचा सुमार. सेनगावकडून परत येताना, डांबरी रस्त्यावर, गाडी साठच्या पुढे. रानातून निघाल्यावर हवा परत भरायची राहून गेली होती. मागचा डावा टायर फुटला. दादाने गाडी कशीबशी सांभाळली, उलटली नाही. पण आत जनरेटरचा पट्टा सुटला आणि तो सरकून मामांच्या उजव्या मनगटावर आला. दोन ठिकाणी फ्रॅक्चर.

मामा वाइंडिंग करतात. तांब्याची तार बोटांनी ओढून, मोजून, खाचेत बसवायची असते. उजवा हात तीन महिने प्लास्टरात आणि नंतरच्या व्यायामात गेला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पगार दादाने चालू ठेवला. मी भेटायला गेलो तर मामा म्हणाले, "तू कशाला एवढा आलास पुण्याहून, टायर तर फुटतेतच." मला बोलताच आलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं की टायर कुणी निवडला होता. मग सांगितलं मी. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वजन केलतं का गाडीचं?"

नव्हतं केलं. तीन रात्री व्हिडिओ बघितले, पण गाडी काट्यावर नेली नव्हती. आपल्या जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगोची वेधशाळा व्हायची आहे, 2023 मध्ये केंद्राने तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. तिथे प्रोटॉनच्याही हजारो पट लहान हालचाल मोजणार आहेत. आणि मी त्याच जिल्ह्याचा इंजिनिअर, मला गाडीचं वजन अंदाजे माहीत होतं.

तर पुढच्या आठवड्यात गेलो. हळदीचे ट्रक मोजतात त्याच वजनकाट्यावर. काटेवाल्याला सांगितलं, तीन वेळा मोजायचंय : पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. पण मोजलं. पूर्ण 3,480 किलो. पुढे 1,340. मागे 2,140.

मागे 2,140 म्हणजे एका चाकावर 1,070. तेही दोन्ही बाजूंना सारखं वजन आहे असं धरून. पण जनरेटर डावीकडे होता, म्हणजे डाव्या चाकावर त्याहून जास्त. आणि टायर 925 किलोचा, तोही पूर्ण हवा भरल्यावर. 28 पीएसआयवर त्याची ताकद अजून कमी. फुटला तोही डावाच. चाळीसच्या वर तापमान, तापलेलं डांबर, कमी हवेमुळे प्रत्येक फेऱ्याला दुमडणारी भिंत, ती आतून तापत जाते आणि एका क्षणी थर सुटतात.

आणि मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो यापुढच्या गणिताने. कंपनीचे जुने टायर असते तरी 950 दुणे 1,900. म्हणजे गाडी मुळातच मागे 240 किलो जास्त भरलेली होती. मी लगेच म्हणालो, मग 110 इंडेक्सचा टायर घेऊ, 1060 दुणे 2,120, जवळपास जमतंय. तिथे आमच्या टायरवाल्याने मला थांबवलं. म्हणाला, "टायर उचलंल हो. अॅक्सल? बेअरिंग? पाटे? रिम?" टायर बदलून गाडीची क्षमता वाढत नाही. पाट्यावर लिहिलेलं वजन सगळ्यात कमजोर भागाचं असतं, आणि तो भाग टायर असेलच असं नाही. रिमलाही वजनाची मर्यादा असते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या त्या भारी अलॉयवर ती कुठे छापलेलीच नव्हती.

म्हणून टायरचा विचार बाजूला ठेवला आणि आधी गाडी रिकामी केली. पाण्याचा ड्रम काढला, पाणी शेतावर मिळतंच. मोठा जनरेटर विकून लहान घेतला. तिपाईचे पाइप आणि चेनपुली मागच्या दारातून काढून ड्रायव्हरच्या सीटमागे आणली. जी केबल सहा महिन्यांत एकदा लागते ती शेडमध्ये ठेवली. परत काट्यावर. एकूण 3,100, पुढे 1,310, मागे 1,790. म्हणजे चाकाला 895. आता 950 चा टायर पुरतो, आणि थोडी जागा उरते. म्हणजे शेवटी घेतलं काय? तेच. एलटी 215/75 आर 15, 106 इंडेक्सचे. फक्त नक्षी ऑल टेरेनची. आणि लोखंडी रिम.

लोखंडी का, तर अलॉय दगडावर आपटला की तडकतो, लोखंडी रिम वाकतो. वाकलेला रिम आखाडा बाळापूरचा पंक्चरवाला हातोड्याने तात्पुरता सरळ करून देतो, तडकलेल्या अलॉयचं काही करता येत नाही. रिमची रुंदीही बघावी लागते. 215/75 ला साधारण साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालतो, 235/75 ला सहा ते आठ. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो फुग्यासारखा गोल होतो, मधली नक्षी झिजते आणि वळणावर गाडी डुलते. आणि ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत किंवा बाहेर बसतो. बाहेर निघालेलं चाक फोटोत भारी दिसतं. बेअरिंगवर मात्र ते लांब दांड्याने दाबल्यासारखा ताण देतं.

15 इंचीच का ठेवली? कारण 215/75 आर 15 हीच बोलेरोची साइज. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही मिळते. एलटी आणि 106 लगेच मिळेल असं नाही, पण अडचणीत पुढे गावापर्यंत न्यायला तरी काहीतरी मिळतं. 18 इंचीचा टायर रात्री आठ वाजता सेनगावात कोण देणार? मोठ्या रिमचा फायदा मोठे ब्रेक बसवायला होतो. रानात उलट रिम लहान आणि टायरची भिंत उंच असलेली बरी, दगड तीच झेलते.

आता रुंद का अरुंद. हा वाद व्हिडिओवाल्यांचा नाही, आपल्या आजोबांचा आहे. जुन्या बैलगाडीचं चाक बघा, पुरुषभर नाही तरी छातीपर्यंत उंच आणि लोखंडी धाव जेमतेम दोन-अडीच बोटं. चिखल कापून खालच्या टणक थरावर उभी राहायची. नंतर टायरगाडी आली, ती मऊ रानात कमी रुतते, पण ओल्या चिखलात बैलांना घसरते असं आमचे आजोबा म्हणायचे. दोन्ही खरं आहे. पहिल्या एक-दोन पावसांनी काळ्या मातीचा फक्त वरचा थर ओला होतो, खाली टणक असते. तिथे अरुंद टायर थर कापतो आणि पकड घेतो, रुंद टायर वरच्या लोण्यावर तरंगतो. श्रावणात माती खोलवर फुगलेली असते, खाली टणक काही नाहीच. तिथे तरंगायला पाहिजे. पण तरंगणं रुंदीपेक्षा हवेवर जास्त अवलंबून असतं. साधारण हिशोब असा : टायरवरचं वजन भागिले हवेचा दाब म्हणजे जमिनीला टेकणारी जागा. हजार किलो आणि 65 पीएसआय असेल तर ही जागा तुमच्या हातातल्या दोन मोठ्या मोबाइलएवढी. हवा 28 केली की चार मोबाइलएवढी. टायर तोच. म्हणून हवा कमी करायचा सल्ला चुकीचा नव्हता. हलक्या चालीने, रानापुरती, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरायची, हे अर्धं वाक्य मी दादाला सांगितलंच नव्हतं. ते व्हिडिओत होतं का तेही आठवत नाही.

नक्षीचं सांगायचं तर काळी माती चिकट. बारीक खाचांच्या टायरला ती थापली जाते आणि टायर शाडूच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. मड टेरेनच्या रुंद खाचांतून चिखल फेकला जातो, पण डांबरावर तो टायर आवाज करतो आणि लवकर झिजतो. दादाची गाडी सत्तर टक्के डांबरावर असते, म्हणून ऑल टेरेन. आणि खरं सांगू? भर पावसात वाफसा नसेल तर दादा आता गाडी रानात घालतच नाही. रस्त्यावर लावतो, मोटार बैलगाडीवर बाहेर आणायला सांगतो. यावर कुठलाच टायर नाही.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसी बुकातल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. मोठी चाकं लावून अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न काय विचारेल ते ओळखा. टायर घेताना बाजूचे चार आकडे पण बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 1424 म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून चार वर्षं दुकानात उन्हात पडलेला टायर घेऊ नका.

आता गाडीत बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आहे, जनरेटर फरशीला बोल्टने बसवलाय. मामा परत कामाला लागले, बोटं अजून थंडीत आखडतात म्हणतात, बारीक तारेचं वाइंडिंग ते आता दुसऱ्या पोराला शिकवतात आणि स्वतः जाड तारेचं करतात. हवा मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. रोज सकाळी गाडी थंड असताना चारही चाकं मोजतात आणि मागच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहितात. आज सकाळचे आकडे आहेत पुढे 50, 50, मागे 65, 63. त्या 63 खाली त्यांनी रेघ मारलीय, दादा आल्यावर भरायला सांगणारेत.

पुढच्या भागात दादालाच बसवतो माइकसमोर, बोअरची मोटार जळते का यावर. तोवर भेटू.